ओट्याची इशारा पातळी

स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सगळं उखडून टाकू. दुसरा म्हणतो, आहे त्यात वाईट काय आहे? गंमत अशी की ज्यांना तिथे रोज चार-चार तास उभं राहावं लागतं ते बहुधा पहिल्या पक्षात असतात, आणि ज्यांना दारात उभं राहून ‘चहा झाला का?’ एवढंच विचारायचं असतं ते दुसऱ्या. हल्ली एक तिसरा पक्षही निघाला आहे. त्याला इंटेरियर डिझायनर म्हणतात. त्याचं स्वतःचं असं काही मत नसतं. तो फक्त म्हणतो, ‘‘अंकल, बजेट सांगा.’’

आमच्या राजारामपुरीतल्या घरात सध्या या तिन्ही पक्षांचं संयुक्त मंत्रिमंडळ आहे. आई (वय ८६, उंची चार फूट आठ), सौ. (पाच फूट एक), सूनबाई (पाच फूट सात) आणि दर रविवारी अंडाबुर्जी करण्यासाठी घरातली निम्मी भांडी खरकटी करणारे आमचे चिरंजीव (पाच फूट दहा). जो स्वयंपाक करत नाही त्याच्याकडे महत्त्वाचं खातं देऊ नये, असा ठराव सौ.नं पहिल्याच बैठकीत मांडला आणि तो एकमतानं, म्हणजे माझं मत न मोजता, मंजूर झाला. मला इतिहास हे खातं मिळालं. आपल्याकडे ज्याला निर्णयात घ्यायचं नसतं त्याला इतिहासाकडे धाडण्याची पद्धतच आहे. तेव्हा मीही पिशवी उचलून करवीर नगर वाचन मंदिराची पायरी चढलो. हे ग्रंथालय १८५० सालचं. आमच्या ओट्यापेक्षा सव्वाशे वर्षांनी मोठं.

तसं पाहिलं तर कोल्हापूरच्या माणसाला उंचीतलं कळत नाही असं कुणी म्हणू नये. जुलै उजाडला की राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे हे इथलं शाळकरी पोरसुद्धा सांगतं. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. रस्त्यात भेटलेला माणूस ‘काय, बरं हाय न्हवं?’ असं न विचारता ‘किती झालं पाणी?’ असं विचारतो आणि उत्तर फूट-इंचांत मिळतं. २०१९ च्या ऑगस्टात आकडा ५५ च्या वर गेला तेव्हा तर अख्खं शहर इंचाइंचावर जगत होतं. पण याच शहरात कुणालाही विचारा, ‘तुमच्या ओट्याची उंची किती?’ समोरचा आपल्या डोक्याकडे बघायला लागतो. ज्या वस्तूपुढे घरातलं एक माणूस आयुष्य काढतं तिची उंची घरातल्या कुणालाच ठाऊक नसते.

मी टेप लावून मोजली. बरोबर ३० इंच.

तीसच का, म्हणून आमच्या गवंड्याला विचारलं.

‘‘तीसच असतोय की, सायेब.’’

‘‘पण का?’’

‘‘आमचा मेस्त्री तीसच घालायचा.’’

‘‘आणि त्याचा मेस्त्री?’’

गवंड्यानं माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. ही गुरुपरंपरा आहे. इथे प्रश्न विचारायचा नसतो.

मग मुळाशीच जावं म्हटलं. मूळ कोल्हापुरात शोधायचं तर ब्रह्मपुरीला जावं लागतं. पंचगंगेच्या काठावरच्या या टेकडीवर १९४५-४६ साली डॉ. ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं आणि सातवाहनांच्या काळातली, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आणली. याच ब्रह्मपुरीत पोसायडन या ग्रीकांच्या समुद्रदेवाचा एक सुबक ब्राँझचा पुतळा मिळाला. तो टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. समुद्रदेव पंचगंगेच्या काठी काय करत होता, असा प्रश्न विद्वानांना पडतो. २०१९ पासून तो आम्हांला पडत नाही.

पुतळ्याचं नाव झालं, पण उत्खननात ढिगानं निघतं ते खापर. पुरातत्त्ववाल्यांचा राजांपेक्षा फुटक्या मडक्यावर जास्त विश्वास असतो, कारण राजे ताम्रपटात थापा मारतात, मडकं मारत नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात खोदकाम केलं, तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांत चुली सापडल्या, धान्याची बळदं सापडली. म्हणजे इतिहासाचा निम्मा पुरावा बायकांनी स्वयंपाकघरातून दिलेला आहे. त्यात त्यांचं नाव नाही, हे ओघानंच आलं.

तर चूल जमिनीवर होती. ती जमिनीवरच राहिली, आणि थेट माझ्या आईपर्यंत येऊन पोचली. मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात आई ज्या चुलीपुढे बसायची तिच्या शेजारी वैल, मागे भाणवस, उजव्या हाताला शेणी आणि लाकडं, डाव्या हाताला पाण्याची कळशी, समोर परात आणि पाठीशी भिंत. विळी, पाटा, फुंकणी, चिमटा सगळं बसल्या जागेवरून हाताला येणारं. हे राज्य एका पाटाएवढं होतं, पण त्यात तिला उठावं लागत नसे.

हे मी का सांगतोय, तर १९१२ च्या सुमारास अमेरिकेत ख्रिस्टिन फ्रेडरिक नावाच्या बाईंनी स्वयंपाकघरात बाई किती पावलं चालते ते मोजायला सुरुवात केली. कारखान्यात कामगाराच्या हालचाली मोजून वेळ वाचवायचं शास्त्र तेव्हा नवं होतं, ते त्यांनी घरात आणलं. कपाट इथे हवं, मोरी तिथे हवी, म्हणजे इतकी पावलं वाचतील, असा त्यांचा हिशेब. त्याच काळात आमच्याकडच्या आज्या स्वयंपाक शून्य पावलांत करत होत्या. फ्रेडरिकबाई मंगळवार पेठेत आल्या असत्या तर वही मिटून परत गेल्या असत्या.

पण थांबा. इथे गळा दाटून ‘गेले ते दिवस’ म्हणणाऱ्यांतला मी नाही. ती मंडळी बहुधा चुलीपासून दूर सोप्यावर बसून वाढलेली असतात. शून्य पावलांच्या त्या राज्यात धूर होता. कौलात एक काचेचं कौल, तेवढाच उजेड. तुळया डांबर फासल्यासारख्या काळ्या. पावसाळ्यात ओली लाकडं पेटेनात तेव्हा आई फुंकणीनं फुंकत राहायची आणि डोळ्यांतून पाणी वाहत असायचं. तिला मी लहानपणी ‘रडतेस का?’ म्हणून विचारायचो. ती म्हणायची, ‘‘न्हाई रं, धूर.’’ पुढे पुढे ती काहीही झालं तरी ‘धूर’ म्हणायला लागली. गॅस आल्यावर तिची ती सोय गेली.

घर बांधणाऱ्यांनी स्वयंपाकघर मागच्या अंगाला, सगळ्यांत काळोख्या जागी का ठेवलं? धूर पुढे येऊ नये हे एक कारण. दुसरं कारण जरा अवघड आहे. स्वयंपाकघराची रचना आत काय शिजतं यापेक्षा आत कोण येणार नाही यावर बेतलेली होती. सोवळं, ओवळं, उंबरा, पाण्याचा वेगळा कोनाडा. याच कोल्हापुरात गंगाराम कांबळे नावाचे दलित गृहस्थ राजवाड्याच्या पागेत कामाला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मार खावा लागला. शाहू महाराजांनी त्यांना नोकरीतून मोकळं केलं, भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं दुकान काढायला मदत केली, आणि मग स्वतः तिथे जाऊन चहा घेऊ लागले. सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजू लागले. छत्रपतीच पितात म्हटल्यावर बाकीच्यांना कप उचलावाच लागे. स्वयंपाकघराच्या आराखड्यात कोल्हापुरात झालेली सगळ्यांत मोठी दुरुस्ती ती, आणि तिला एकही वीट लागली नाही.

त्यानंतरचा काळ भराभर सांगतो, कारण तो फार खोकणारा आहे. कोळशाची शेगडी आली, वखारीतल्या भुशाची शेगडी आली. स्वीडनच्या लिंडक्विस्टनं १८९२ च्या सुमारास काढलेला पंपाचा स्टोव्ह आला. पितळी, देखणा आणि अत्यंत रागीट. त्याची पिन, त्याचा वायसर आणि रेशनचं रॉकेल या तीन गोष्टींवर मध्यमवर्गाची दोन-तीन दशकं खर्ची पडली. हा स्टोव्हही जमिनीवरच असायचा, पदराच्या उंचीवर. ऐंशीच्या आसपास वर्तमानपत्रांत ‘स्टोव्हचा भडका उडून’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या बातम्या रोज येत. भडका नेहमी सुनेच्याच अंगावर कसा उडतो, सासूच्या किंवा नवऱ्याच्या का नाही, असं बायकांच्या संघटना विचारू लागल्या. १९८३ साली दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आलं. विनोदी लेखात हे वाक्य बसत नाही हे मला कळतं. पण त्या बातम्यांतली जागा स्वयंपाकघर हीच होती, आणि इतिहास-खातं माझ्याकडे आहे.

धुरावर इलाज करायचे प्रयत्न झाले नव्हते असं नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत चाळीसच्या दशकात निर्धूर ‘मगन चूल’ तयार झाली. १९८३ नंतर तर सरकारनं देशभर सुधारित चुलींचा कार्यक्रमच काढला आणि २००२ पर्यंत सरकारी हिशेबानं तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या. त्यांतल्या पुष्कळ चुलींवर पुढे कोंबड्या बसू लागल्या. कुठे धुराडं साफ करायची सोय नव्हती, कुठे तोंड लहान म्हणून लाकूड फोडत बसावं लागे, कुठे घरातलं मोठं भांडंच बसत नव्हतं. चूल बसवणाऱ्यानं उद्दिष्ट विचारलं होतं, भांडं विचारलं नव्हतं.

मग आला गॅस. पन्नाशीच्या दशकात बर्मा शेलनं मुंबईत ‘बर्शेन’ विकायला सुरुवात केली, १९६५ साली कलकत्त्यात इंडेनची पहिली जोडणी झाली, आणि तिथून पुढे नंबर लावणं हा मध्यमवर्गाचा मुख्य व्यवसाय झाला. खासदारांच्या कोट्यातून जोडणी मिळवलेला माणूस गल्लीत त्या खासदारापेक्षा जास्त मान खायचा. ‘मुलाकडे गॅस आहे’ हे वाक्य लग्नाच्या बैठकीत ‘मुलगा पदवीधर आहे’ याच्या आधी येई.

ओटा शहरी ब्लॉकांत गॅसच्या आधीच शिरला होता, पण आमच्यासारख्यांच्या घरी त्याला खरं आमंत्रण दिलं ते गॅसनंच. कारण साधं आहे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी, असा नियमच आहे. म्हणजे सिलिंडर खाली, शेगडी वर, आणि शेगडीपुढे बसलेली बाई आपोआप उभी. हजारो वर्षं जमिनीवर असलेला विस्तव एका पिढीत अडीच फूट वर चढला. एवढी मोठी क्रांती झाली आणि तिचा एक पुतळासुद्धा कोल्हापुरात नाही.

आता ते ३० इंच. माझा असा तर्क आहे, आणि तो मी तर्क म्हणूनच सांगतो, की ओट्याखाली सिलिंडर मावला पाहिजे, वर फरशीची जाडी, झाले तीस. घरातल्या सगळ्यांमध्ये एकाच व्यक्तीची उंची विचारात घेतली गेली: सिलिंडरची.

उभं राहिल्यावर बाकीचं सगळंच बदललं. विळी गेली, सुरी आली, कारण विळीला मांडी लागते. पाटा-वरवंटा मोरीजवळ निवृत्त झाला. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि ‘चिमूटभर’, ‘अंदाजानं’ यांच्या जागी वाटी-चमच्याचं माप आलं. लग्नात मुलीला पोळपाटाबरोबर ‘रुचिरा’ देऊ लागले. मीठ मोजलं, साखर मोजली, बाई कुणी मोजली नाही.

बाहेरच्या जगातही फार वेगळं नव्हतं, हे वाचून मला जरा बरं वाटलं. आमच्या डिझायनरनं पहिल्याच दिवशी लॅपटॉप उघडून सांगितलं, ‘‘मॉड्युलर किचनचं मूळ जर्मनीत आहे, अंकल.’’ ते खरं निघालं. १९२६ साली फ्रँकफुर्टमध्ये स्वस्त सरकारी घरांसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी एक स्वयंपाकघर आखलं. साधारण सव्वासहा फूट बाय अकरा फूट. तशी दहा हजारांच्या घरात बसवली गेली. खण, फळ्या, ओघळणारं पाणी जाण्याची सोय, सगळं इंचाइंचानं मोजलेलं. बाई १०२ वर्षं जगल्या. आणि शेवटी शेवटी मुलाखतीत सांगायच्या की हे स्वयंपाकघर आखेपर्यंत मी कधी स्वयंपाक केलाच नव्हता! पण त्यांनी एक गोष्ट अशी केली की मी त्यांना शंभर गुण देतो. त्या स्वयंपाकघरात त्यांनी एक फिरतं स्टूल ठेवलं. भाजी चिरायची ती बसून. तिकडे उभ्या बाईला बसवायचं चाललं होतं, आणि पुढे काही वर्षांत इकडे आम्ही बसलेल्या बाईला उभं केलं, ते स्टुलाशिवाय.

दुसऱ्या बाई लिलियन गिलब्रेथ. अमेरिकेतल्या, शिक्षणानं मानसशास्त्रज्ञ, व्यवसायानं इंजिनिअर आणि बारा मुलांच्या आई. नवरा गेल्यावर कारखानदार त्यांना काम देईनात, तेव्हा त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. शेगडी आणि मोरी किती उंचीवर हवी हे ठरवायला त्यांनी चार हजारांहून जास्त बायकांना विचारलं. चार हजार! आमच्या गवंड्याच्या मेस्त्रीच्या मेस्त्रीनं एका बाईला विचारलं असतं तरी कितीक कमरा वाचल्या असत्या.

आपल्याकडेही असा एक माणूस होऊन गेला. मुंबईत सीमेन्समध्ये इंजिनिअर असलेल्या सत्यप्रकाश माथुरांच्या पत्नीचा परदेशी मिक्सर जळला. त्या जर्मन यंत्राला हळद-खोबरं-भिजली डाळ हा काय प्रकार आहे ते माहीतच नव्हतं. त्याला बिचाऱ्याला दुधात केळं फिरवायची सवय. माथुरांनी आपल्या वाटणाला पुरून उरेल अशी दणकट मोटर बसवून साठच्या दशकात ‘सुमीत’ मिक्सर उभा केला. बायकोचा मिक्सर जळाल्यावर बहुतेक नवरे ‘तू जास्त भरतेस’ एवढंच म्हणतात. या गृहस्थांनी आत काय भरलं आहे ते पाहिलं. तांबड्या रश्श्याचं वाटण ज्यानं एकदा मिक्सरमध्ये घातलं आहे त्याला यांची थोरवी वेगळी सांगायला नको.

एवढा अभ्यास घेऊन मी मंत्रिमंडळापुढे गेलो तेव्हा डिझायनरचा आराखडा तयार होता. ओटा ३४ इंच. खाली सगळ्या ट्रॉल्या. तो म्हणाला, ‘‘वर्क ट्रँगल परफेक्ट बसलाय.’’ हा त्रिकोण म्हणजे मोरी, शेगडी आणि फ्रीज यांना जोडणारा. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात चाळीसच्या दशकात निघालेली ही कल्पना. सौ.नं विचारलं, ‘‘देव कुठे आहेत यात?’’ मग पिण्याच्या पाण्याचा माठ कुठे, वर्षाच्या चटणीची बरणी कुठे, गुळाचा रवा फोडायचा कुठे, दुधाचं पातेलं मांजरापासून वाचवायचं कुठे, असे प्रश्न येत गेले आणि त्रिकोणाचा हळूहळू अष्टकोन झाला.

उंचीवरून तर खरी लढाई जुंपली. सूनबाईंचं म्हणणं, तीस इंचांवर वाकून वाकून तिशीतच माझी पाठ गेली. ते खरं होतं. सौ.चं म्हणणं, ३४ इंचांवर मला कढईत डोकावायला पाट घ्यावा लागेल. तेही खरं होतं. शास्त्र असं सांगतं की काम कोपराच्या चार-सहा इंच खाली व्हावं, आणि जिथे जोर लावायचा तिथे आणखी खाली. चिरायला एक उंची, मळायला दुसरी. कोल्हापुरात भाकरी थापायची असते. सूनबाईंनी खात्री करायला जेवणाच्या टेबलावर दोन जाड पुस्तकं, त्यावर परात ठेवून ३४ इंचांवर भाकरी थापून पाहिली. खांदे कानाला लागले आणि भाकरीचा कर्नाटकासह नकाशा झाला. पुस्तकं इतिहासाचीच होती.

प्लायवूड की कडप्पा, हा वाद मात्र पाच मिनिटांत मिटला. नागाळा पार्कात आमचे एक नातेवाईक तळमजल्यावर राहतात. २०१९ च्या पुरात त्यांच्या घरात पाणी आलं. घर सोडताना त्यांनी नव्या ट्रॉल्यांत डबे ठेवून सगळ्या नीट बंद केल्या होत्या. परत आले तेव्हा प्लाय फुगून ट्रॉल्या अशा बसल्या होत्या की पहारीनं उघडाव्या लागल्या. शेजारची चाळीस वर्षांची कडप्प्याची मांडणी पाइपनं धुतली, फडक्यानं पुसली आणि तिच्यावर डबे मांडले. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तोवर ते शहाणे झाले होते. आमच्याकडे पाणी चढत नाही, पण कोल्हापुरात घर आखताना नदीला विचारलेलं बरं. शिवाय कडप्पा आणि शहाबाद ही दोन गावं आपल्या पायाखाली आणि हाताखाली राहून आपल्या कितीतरी पिढ्या सांभाळत आली आहेत. नातं का तोडा?

या सगळ्यात आईला कुणी काही विचारलं नव्हतं. शेवटी सौ.नंच विचारलं, ‘‘आत्याबाई, तुम्हांला काय हवं?’’

‘‘मला काय इचारता? तुमचं तुम्ही बघा,’’ आई म्हणाली. मग जरा वेळानं, ‘‘फकस्त खाली बसून नारळ खोवाय हातभर जागा ठेवा.’’

आराखडा पाहिला. चारही बाजूंनी ट्रॉल्या. त्या उघडल्या की खाली मांजराला बसायला जागा उरत नव्हती. आणि डॉक्टरांनी तर आईला जमिनीवर बसायला गेल्या वर्षीच बंदी केली आहे. गुडघे. म्हणजे खाली जागा ठेवली तरी तिनं बसायचं नाही, आणि ओटा कितीही केला तरी तिला तासभर उभं राहवत नाही. शहाऐंशी वर्षांच्या बाईला स्वयंपाकघरात जागा नाही, हे त्या सुंदर रंगीत चित्रात कुठे लिहिलेलं नव्हतं, पण वाचता येत होतं. आई काही बोलली नाही. धूरही नव्हता.

तेव्हा मी फ्रँकफुर्टच्या बाईंचं स्टूल काढलं. म्हटलं, स्टूल ठेवू, आणि ओट्याखालून बाहेर सरकणारी एक पक्की फळी काढू, बसून काम करायच्या उंचीची. तिच्यावर विळी घट्ट बसेल अशी पकड. डिझायनर म्हणाला, ‘‘अंकल, असं रेडिमेड मिळत नाही.’’ हे ऐकून मला आनंदच झाला. १९१८ साली बाबूराव पेंटरांना सिनेमाचा कॅमेरा मिळेना तेव्हा त्यांनी तो कोल्हापुरातच तयार केला. आणि आपल्याला विळीचा खटका मिळू नये? मी सरळ उद्यमनगरात गेलो.

तिथल्या वर्कशॉपवाल्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. फ्रँकफुर्टचंसुद्धा. मग विचारलं, ‘‘माप?’’

मी डिझायनरचा कागद पुढे केला.

‘‘ह्ये फळीचं झालं. आज्जींचं?’’

संध्याकाळी तो टेप आणि खडू घेऊन घरी आला. आई उठायला लागली तर म्हणाला, ‘‘आज्जी, हाय तशा बसा.’’ खुर्चीत बसलेल्या आईच्या कोपरापासून फरशीपर्यंत त्यानं टेप धरली. भिंतीवर खडूनं रेघ मारली. मग म्हणाला, ‘‘आता खोबरं खोवून दावा.’’

‘‘नारळ कुठाय?’’

‘‘नसू दे. तसंच दावा.’’

आईनं दोन्ही हातांत हवेचा नारळ धरला आणि खोवायला लागली. लाजत सुरुवात केली, मग लय लागली. तो वाकून बघत होता. ‘‘उजवं कोपर लई भाईर येतंय. त्या अंगाला भित नको. आनि फळी बोटभर खाली.’’ पहिली रेघ पुसून त्यानं दुसरी मारली. तोवर सौ. पदर खोचून पुढे आली होती आणि सूनबाई तिच्या मागे रांगेत. भिंतीवर वेगवेगळ्या उंचीच्या रेघा झाल्या. डिझायनरला मी त्यांचा फोटो पाठवला. आता आमचा ओटा दोन पातळ्यांचा होणार आहे. शेगडी आणि भाकरीची बाजू खाली, चिरायची वर, आणि आईची फळी सगळ्यांत खाली.

चहा पिऊन वर्कशॉपवाला निघाला तेव्हा बाहेर पाऊस धरला होता.

‘‘कधी देता?’’ मी विचारलं.

‘‘शनवारी. पानी एकोणचाळीसच्या वर गेलं तर मात्र सोमवार धरा. आमची निम्मी पोरं नदीकडंची हायत, त्येंची भांडी वर चढवाय लागत्यात.’’